परिचर्येची पदवी : फी आधी की नोंदणी?

बारावीचा निकाल लागला की नागपूरच्या इतवारी-महाल परिसरातील अनेक घरांत रात्रीच्या बैठकीचा विषय बदलतो. दुकानाची उधारी आणि सणासुदीची मालखरेदी बाजूला राहते. मुलीने पुढे काय करावे, यावर आजोबांपासून काकूपर्यंत प्रत्येकाचे मत व्यक्त होऊ लागते. वाणिज्य शाखेची मुलगी सी.ए.कडे वळते आणि विज्ञान शाखेची मुलगी वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे गुण घेऊन बसते. गुण थोडे कमी पडले की पर्यायांच्या यादीत ‘नर्सिंग’ हा शब्द हळूच येतो. व्यापारी कुटुंबांत हा शब्द पूर्वी फारसा उच्चारला जात नसे. आता तो उच्चारला जातो, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु त्याच वेळी मोबाइलवर एक जाहिरातही येऊन ठेपते : ‘घरबसल्या बी. एस्सी. नर्सिंग, हजेरीची गरज नाही, हप्त्याने फी.’

दुकान सांभाळत, घरी राहून, कमी पैशांत पदवी मिळणार असेल तर वाईट काय, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. हिशेबी माणसाला स्वस्त माल नेहमीच खुणावतो. मात्र बाजारात वावरलेल्या माणसाला हेही ठाऊक असते की, मालाचा भाव विचारण्याआधी माल खरा आहे की नाही, हे पाहायचे असते. परिचर्येच्या शिक्षणात ही कसोटी एका शब्दात सामावलेली आहे आणि तो शब्द म्हणजे नोंदणी. महाविद्यालय शासकीय आहे की खासगी, फी किती, वसतिगृह कसे, हे सारे प्रश्न रास्त आहेत. पण त्यांचा क्रम दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, हे शिक्षण पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत मुलीचे नाव लागेल काय?

नोंदणी म्हणजे नेमके काय?

दुकानदाराला परवाना लागतो, वकिलाला सनद लागते, तशी परिचारिकेला राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ सालचा आहे. महाराष्ट्रातील परिचारिकांच्या नोंदणीसाठी १९६६ सालचा राज्य अधिनियम आहे. पुढे २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला आणि जुन्या परिषदेच्या जागी आयोग आणण्याची तरतूद केली. व्यवस्थेचे नाव बदलले, तरी तत्त्व तेच राहते. पदवीचा कागद हाती असूनही नोंदवहीत नाव नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती परिचारिका नव्हे.

नोंदणीपर्यंत नेणारे मार्ग मोजकेच आहेत. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केवळ मुलींसाठी आहे. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि बारावीला कोणतीही शाखा असलेल्या विद्यार्थ्याला, इंग्रजी विषयासह किमान ४० टक्के गुण असल्यास, तो करता येतो. म्हणजे वाणिज्य शाखेतील मुलीलाही हा दरवाजा बंद नाही. बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी असून तिच्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय तसेच खुल्या प्रवर्गात ४५ टक्के गुण लागतात. जी.एन.एम. झालेल्यांना पुढे पोस्ट बेसिक बी. एस्सी. नर्सिंग ही दोन वर्षांची पदवी घेता येते. बी. एस्सी. आणि जी.एन.एम. हे दोन्ही अभ्यासक्रम मुलांनाही खुले आहेत, हे अनेक घरांना आजही ठाऊक नसते.

‘रुग्ण सहायक’, ‘आरोग्य सहायक’, ‘नर्सिंग असिस्टंट’ अशा नावांची सहा महिन्यांची वा वर्षाची प्रमाणपत्रेही मिळतात. त्यांचा उपयोग नाही असे नव्हे. घरच्या आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला किंवा रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करणाऱ्याला ते ज्ञान उपयोगी पडते. पण त्या प्रमाणपत्राने परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. नावातील साधर्म्यामुळे अनेक पालकांची गल्लत होते आणि काही संस्थांचा व्यवसाय त्या गल्लतीवरच चालतो.

घरबसल्या ही पदवी का होत नाही?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० सालच्या मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणविषयक नियमांत काही विषय या पद्धतीने शिकवण्यास मनाई केलेली आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माणशास्त्र, वास्तुशास्त्र, विधी यांच्याबरोबर परिचर्येचे नावही त्या यादीत आहे. बी. कॉम. घरी बसून करता येते, एम. कॉम.ही करता येते. व्यापारी कुटुंबांतील कितीतरी सुनांनी लग्नानंतर असे शिक्षण पूर्ण केले आहे. त्याच अनुभवावरून नर्सिंगही तसेच होईल असे वाटते आणि नेमकी तेथेच चूक होते.

मनाईचे कारण अभ्यासक्रमात डोकावले की कळते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते. त्याहून महत्त्वाचे असे की, पदवी प्रदान होण्यापूर्वी रुग्णालयातील प्रत्येक प्रात्यक्षिक विभागात १०० टक्के उपस्थिती पूर्ण करावी लागते. आजारपणाने चार दिवस बुडाले, तर ते चार दिवस भरून द्यावे लागतात. सुधारित अभ्यासक्रमात आठ सत्रे आहेत आणि शेवटच्या सत्राचा मोठा भाग इंटर्नशिपचा आहे. विद्यार्थी व रुग्ण यांचे प्रमाण एकास तीन असावे, संस्थेचे स्वतःचे १०० खाटांचे रुग्णालय असावे, अशी अपेक्षा आहे. हे नियम म्हणजे सरकारी सोपस्कार नव्हेत. शिरेत सुई कशी जाते, नवजात बालकाला कसे धरावे, शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येणाऱ्या रुग्णाच्या चेहऱ्यावरून धोका कसा ओळखावा, हे पडद्यावर पाहून समजते. पण ते हाताला येत नाही. हाताला येण्यासाठी खाटेजवळ उभे राहावे लागते, आणि तेही जाणत्या परिचारिकेच्या नजरेखाली.

म्हणून ‘नॉन-अटेंडिंग’ हा शब्द कानी पडताच पालकांनी सावध व्हावे. दूरच्या एखाद्या राज्यातील महाविद्यालयात नाव घालायचे, फक्त परीक्षेला जायचे आणि हजेरीपट मात्र पूर्ण भरलेला दाखवायचा, असा हा व्यवहार असतो. वहीत खोटी नोंद करून ताळेबंद जुळवण्यासारखेच हे आहे. तपासणी झाली की वही उघडी पडते आणि तोपर्यंत मुलीची तीन-चार वर्षे खर्ची पडलेली असतात.

एक अपवाद, तोही कामावर असलेल्यांसाठी

दूरस्थ पद्धतीला एक मान्य अपवाद आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजेच इग्नू, हे १९८५ सालच्या कायद्याने स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ असून त्याचे एक विभागीय केंद्र नागपुरात आहे. हे विद्यापीठ पोस्ट बेसिक बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चालवते. तो किमान तीन आणि कमाल पाच वर्षांत पूर्ण करता येतो. त्यासाठी प्रवेश परीक्षा असते.

पण त्याची पात्रता लक्षपूर्वक वाचली पाहिजे. बारावीनंतर जी.एन.एम. केलेल्या नोंदणीकृत परिचारिकेला नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो. दहावीनंतर जी.एन.एम. केलेल्या परिचारिकेला पाच वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे हा मार्ग आधीच परिचारिका असलेल्या आणि सेवेत असलेल्या व्यक्तीसाठी आहे, बारावी उत्तीर्ण मुलीसाठी नाही. शिवाय त्यातही प्रात्यक्षिके आहेत आणि ती अभ्यासकेंद्राच्या रुग्णालयात जाऊनच करावी लागतात. पुस्तकी भाग घरी वाचता येतो, कारण हात आधीच घडलेले असतात.

एखाद्या घरात जी.एन.एम. झालेली सून असेल, ती रुग्णालयात नोकरी करीत असेल आणि लहान मुलांमुळे दोन वर्षे पूर्णवेळ महाविद्यालयात जाणे तिला शक्य नसेल, तर तिच्यासाठी हा मार्ग उत्तम आहे. पुढे एम. एस्सी. नर्सिंग करावयाचे असल्यास पदवी लागते, अध्यापनाची वाट त्यातूनच खुली होते. सासरच्या मंडळींनी अशा सुनेला आठवड्यातले काही तास मोकळे करून दिले, तर ती गुंतवणूक कोणत्याही मुदत ठेवीपेक्षा अधिक परतावा देईल.

अमेरिकेचा धडा

परदेशात स्थायिक झालेल्या नातलगांकडून बरेचदा असे ऐकू येते की, अमेरिकेत नर्सिंगची पदवी सर्रास ऑनलाइन होते. हे अर्धसत्य आहे. तेथे ऑनलाइन होणाऱ्या पदव्यांपैकी प्रसिद्ध प्रकार हा परवानाधारक परिचारिकांसाठी असतो. दोन-तीन वर्षांची पदविका घेऊन कामाला लागलेली परिचारिका पुढे बी. एस्सी.ची पातळी ऑनलाइन गाठते. न्यूयॉर्क राज्याने तर डिसेंबर २०१७ मध्ये कायदा करून नव्या परिचारिकांनी परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत ही पदवी घ्यावी, असे ठरवले. म्हणजे तेथील तत्त्व आणि इग्नूचे तत्त्व एकच आहे : आधी हात, मग पडदा.

अशी पदवी तेथे राज्य विद्यापीठेही देतात आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांची महाविद्यालयेही देतात. नफ्यासाठी चालणारी प्रत्येक संस्था वाईट असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तिच्या हिशेबात विद्यार्थी हा ग्राहक असतो आणि धंदा बसला की ग्राहक वाऱ्यावर पडतो. व्यावसायिक अभ्यासक्रम चालवणारी कॉरिंथियन कॉलेजेस ही कंपनी एप्रिल २०१५ मध्ये बंद पडली, तेव्हा सुमारे १६,००० विद्यार्थी मधेच अडकले. नर्सिंगचेही अभ्यासक्रम असलेल्या आय.टी.टी. टेक या संस्थेने सप्टेंबर २०१६ मध्ये दारे लावली. तिचे सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. कॉरिंथियनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांची ५.८ अब्ज डॉलरची कर्जे अमेरिकी सरकारने २०२२ साली माफ केली. तोपर्यंत अनेकांच्या तारुण्याची वर्षे त्या कर्जाच्या ओझ्याखाली निघून गेली होती.

त्याहून गंभीर प्रकरण जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आले. फ्लोरिडातील तीन नर्सिंग शाळांनी ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्याचे तपास यंत्रणांनी जाहीर केले. प्रत्येक कागदाची किंमत १० ते १५ हजार डॉलर होती. कागद विकत घेणाऱ्यांपैकी काहींनी परवाना परीक्षाही उत्तीर्ण केली आणि ते रुग्णालयांत कामाला लागले. तपासानंतर अनेकांचे परवाने गेले. जेथे कायदे कडक आहेत अशा देशात हे घडू शकते, तर नागपुरात एखाद्या जाहिरातीवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

नागपूरलाही या बाबतीत एक अनुभव आहे. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. त्या यादीत नागपूरच्या ‘राजा अरेबिक विद्यापीठा’चे नाव वर्षानुवर्षे झळकत आले आहे. विद्यापीठ ही पाटी लावणे सोपे असते. त्या पाटीमागे संसदेचा किंवा विधिमंडळाचा कायदा आहे की नाही, किंवा केंद्र सरकारने अभिमत विद्यापीठाचा दर्जा दिला आहे की नाही, हे तपासणे पालकांच्या हाती असते.

शासकीय की खासगी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले की मग दुसरा प्रश्न विचारावा. नागपूरकरांना या बाबतीत दूर जावे लागत नाही. १९४७ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे नागपूरकरांच्या ‘मेडिकल’च्या आवारात शासकीय परिचर्या महाविद्यालय आहे. हजाराहून अधिक खाटांचे हे रुग्णालय विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगड व तेलंगणातील रुग्णांचाही आधार आहे. इतवारीपासून हाकेच्या अंतरावर मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. व्यापारी डागा घराण्याचे नाव आजही वागवणारे डागा शासकीय स्त्री रुग्णालय प्रसूतीसाठी सर्वपरिचित आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला कस्तुरबा नर्सिंग महाविद्यालय आहे, तर सावंगी मेघे येथे अभिमत विद्यापीठाचे नर्सिंग महाविद्यालय आहे. याशिवाय शहरात आणि आसपास अनेक खासगी महाविद्यालये आहेत.

शासकीय महाविद्यालयाचा पहिला लाभ फीचा असतो आणि तो सर्वांना दिसतो. दुसरा लाभ कमी दिसतो, पण अधिक मोलाचा असतो. मोठ्या शासकीय रुग्णालयात रुग्णांची रीघ असते. चार वर्षांत विद्यार्थिनी जितक्या प्रकारचे आजार, अपघात आणि प्रसूती पाहते, तितके लहान रुग्णालयात दहा वर्षांतही दिसत नाही. उणिवाही आहेत. जागा थोड्या, चढाओढ मोठी, इमारती जुन्या, कामाचा भार अधिक.

खासगी महाविद्यालयांत दोन टोके आढळतात. काहींचे स्वतःचे मोठे, भरलेले रुग्णालय असते, अनुभवी अध्यापिका असतात, प्रयोगशाळा सुसज्ज असते. काहींच्या रुग्णालयात खाटा मोजून १०० असतात, पण त्यांवर रुग्ण नसतात. अशा ठिकाणी मुलगी चार वर्षे चादरी बदलायला शिकते. दोन्ही ठिकाणची फी मात्र जवळजवळ सारखीच असू शकते.

नफ्याविषयी भारतातील कायदा काय म्हणतो, हे व्यापारी वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ सालच्या टी.एम.ए. पै प्रतिष्ठानच्या निकालात स्पष्ट केले की, खासगी शिक्षणसंस्थेला विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवता येईल, पण नफेखोरी करता येणार नाही आणि देणगीच्या नावाखाली कॅपिटेशन फी घेता येणार नाही. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा १९८७ पासून आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या अधिनियमाखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. म्हणून कोणी ‘पावतीची फी एवढी आणि बिनपावतीची एवढी’ असे सांगू लागले, तर ती संस्था कायद्याच्या बाहेर व्यवहार करीत आहे, हे ओळखावे. रोखीचा व्यवहार अंगवळणी पडलेल्यांनीही येथे पावतीचाच आग्रह धरावा.

प्रवेशाचा राजमार्ग राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातून जातो. त्याची बी. एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यावी आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच जागा घ्यावी. राज्य शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी दिलेली मुलींच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची संपूर्ण सवलत याच प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना मिळते. संस्था स्तरावर थेट प्रवेश घेतला की ही सवलत हातची जाते.

कर्जाचा ताळेबंद

कर्ज काढण्याआधी पाटीवर आकडे मांडावेत. समजा, खासगी महाविद्यालयाची फी वर्षाला एक लाख रुपये आहे आणि वसतिगृह व भोजनाचा खर्च साठ हजार आहे. चार वर्षांचा एकूण खर्च ६ लाख ४० हजार होतो. त्यांपैकी पाच लाख कर्ज काढले, दरवर्षी सव्वा लाख याप्रमाणे ते मिळाले आणि व्याजदर १० टक्के धरला. शिक्षणाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता लागत नाही, पण सरळव्याज साचत जाते. ते १ लाख ७५ हजार होते. परतफेड सुरू होताना देणे ६ लाख ७५ हजारांचे असते आणि दहा वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे ८,९०० रुपये पडतो.

आता दुसरी बाजू पाहावी. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. तेथे हा हप्ता मूळ वेतनाच्या पाचव्या हिश्शाइतका होतो. खासगी रुग्णालयांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की, २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयाने शासकीय परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयानेही २० हजारांपेक्षा कमी देऊ नये. ती शिफारस प्रत्यक्षात सर्वत्र पाळली जातेच असे नाही. २० हजार हातात पडणाऱ्या मुलीला ८,९०० चा हप्ता म्हणजे जवळजवळ निम्मे वेतन. याचा अर्थ खासगी महाविद्यालयात जाऊ नये असा नाही. मोठ्या संस्थेची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण करण्याइतके शिक्षण जेथे मिळते, तेथेच कर्ज घ्यावे, इतकाच याचा अर्थ आहे.

काही गोष्टी कर्जाचा भार हलका करतात. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला पत हमी योजनेमुळे तारणाची गरज पडत नाही. शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरत गेल्यास व्याजदरात एक टक्का सवलत मिळू शकते. दुकानाच्या गल्ल्यातून महिन्याला एक-दोन हजार बाजूला काढणे बहुतेक घरांना जमते. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्याला भरलेल्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. आणि एक गोष्ट विसरू नये : मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाला बँक कर्ज देत नाही. बँकेने अर्ज परत पाठवला, तर शाखाधिकाऱ्यावर रागावण्याआधी महाविद्यालयाची कागदपत्रे पुन्हा पाहावीत.

याच पाटीवर ‘घरबसल्या’ पदवीचा हिशेबही मांडता येईल. समजा, तिची किंमत केवळ सत्तर हजार आहे. जमेच्या बाजूला नोंदणी शून्य, नोकरी शून्य. खर्चाच्या बाजूला सत्तर हजार आणि मुलीच्या आयुष्याची तीन-चार वर्षे. ही वर्षे कोणत्याही खात्यात पुन्हा जमा होत नाहीत.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

प्रवेश निश्चित करण्याआधी पालकांनी एक दिवस मोकळा ठेवून महाविद्यालयात जावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे १९९८ साली नाशिकला स्थापन झालेले विद्यापीठ आहे. राज्यातील शासकीय आणि बहुतेक खासगी नर्सिंग महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. ही संलग्नता चालू वर्षाची आहे काय आणि किती जागांची आहे, ते पाहावे. अभिमत विद्यापीठ असल्यास त्याचा दर्जा स्वतंत्रपणे पडताळावा. राज्य परिचर्या परिषदेच्या यादीत महाविद्यालयाचे नाव शोधावे. जागा साठ आणि प्रवेश ऐंशी, असे असल्यास वरचे वीस जण परीक्षेच्या वेळी अडचणीत येतात.

त्यानंतर रुग्णालयात जावे, आणि तेही सकाळी अकराच्या सुमारास, पूर्वसूचना न देता. किती खाटांवर रुग्ण आहेत, विद्यार्थिनी वॉर्डात आहेत की वर्गात कोंडलेल्या आहेत, त्यांच्याबरोबर शिकवणारे कोणी आहे काय, हे दहा मिनिटांत दिसते. शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थिनींशी बोलावे. आधीच्या तुकडीतील किती जणी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाल्या आणि आज त्या कोठे काम करतात, हे विचारावे. माहितीपत्रकापेक्षा ही उत्तरे अधिक बोलकी असतात.

बंधपत्राविषयीही आधीच विचारावे. शिक्षणानंतर आमच्याच रुग्णालयात दोन वर्षे काम केले पाहिजे, अशी सक्ती करणाऱ्या प्रथेला भारतीय परिचर्या परिषदेने मनाई केलेली आहे. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाचाही विरोध आहे. मूळ कागद पडताळणीसाठी दाखवावेत आणि परत घ्यावेत.

व्यापारी जैन कुटुंबांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा मोठ्याने विचारला जात नाही. वसतिगृहातील भोजनाचे काय? रात्रपाळी आणि चौविहार यांचा मेळ कसा बसणार? हा प्रश्न संकोचाने गिळून टाकण्यापेक्षा प्रवेशापूर्वीच विचारावा. खानावळीत वेगळी व्यवस्था आहे काय, डबा आणता येतो काय, सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी मिळू शकते काय, याची चौकशी करावी. मुलीशीही मोकळेपणाने बोलावे. नियम पाळून सेवा करता येते, हा निश्चय तिचा स्वतःचा असेल, तर वाट निघते. तो केवळ घरच्यांचा आग्रह असेल, तर पहिल्याच रात्रपाळीत मोडतो.

शेवटी एक गोष्ट समाजानेही तपासून पाहावी. रुग्णालयाला खाटा देणे, वॉर्डाला आईचे नाव देणे, शिबिरे भरवणे, यांत व्यापारी समाज कधीच मागे राहिलेला नाही. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी मातोश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली. आज त्याच विद्यापीठात लीलाबाई ठाकरसी यांच्या नावाचे नर्सिंग महाविद्यालय आहे. मात्र वॉर्डावर नाव कोरणाऱ्या घरातून त्या वॉर्डात काम करणारी मुलगी अजून क्वचितच निघते. रुग्ण व वृद्ध साधू-साध्वींची वैयावृत्त्य ज्या परंपरेत तपाच्या कोटीची मानली जाते, तेथे परिचर्या हा दुय्यम पर्याय का मानावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगात २ कोटी ७९ लाख परिचारिका होत्या आणि सुमारे ५९ लाखांची उणीव होती. महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळासाठी जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ साली करार केला, त्यातही परिचारिकांचा समावेश आहे. नागपुरात असो वा परदेशात, काम आहे आणि मानही आहे. पण त्या प्रत्येक दारावर एकच कागद प्रथम मागितला जातो. तो नोंदणीचा असतो, आणि घरबसल्या मिळत नाही. बारावीचा निकाल हाती घेऊन उभ्या असलेल्या मुलीला फीचा आकडा सांगण्याआधी तिला त्या कागदापर्यंत नेणारा रस्ता दाखवावा. आकड्यांचा हिशेब त्यानंतर सहज लागतो.